डोकी मोजणारा पैसा आणि मेळघाटातली शाळा

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शालेय शिक्षणाच्या समग्र शिक्षा योजनेसाठी ४१,२५० कोटी रुपये ठेवले गेले. देशातल्या सरकारी शाळांत २०२३-२४ मध्ये साधारण पावणेतेरा कोटी मुले शिकत होती. साधा भागाकार केला, तर एका मुलाच्या वाट्याला केंद्राकडून वर्षाला सुमारे ३,२०० रुपये येतात.

आता त्याच अर्थसंकल्पातले दुसरे आकडे पाहा. केंद्र ज्या शाळा स्वतः चालवते, तिथला हिशेब वेगळा आहे.

केंद्रीय विद्यालये : ९,५०४ कोटी रुपये, सुमारे साडेतेरा लाख विद्यार्थी, म्हणजे दर मुलामागे ७० हजारांच्या घरात.
नवोदय विद्यालये : ५,३०५ कोटी रुपये, तीन लाखांहून थोडे कमी विद्यार्थी, म्हणजे दर मुलामागे एक लाख ८० हजारांच्या आसपास.
एकलव्य निवासी शाळा : इमारत सोडून, नुसत्या चालवण्याच्या खर्चाचा निकष दर मुलामागे १ लाख ९ हजार.

ही तुलना जशीच्या तशी घेता येणार नाही. नवोदय आणि एकलव्य निवासी आहेत, तिथे जेवणखाण आणि वसतिगृहही आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार प्रामुख्याने राज्य देते, तो त्या ३,२०० रुपयांत धरलेलाच नाही. तरीही एक गोष्ट यातून दिसते. दिल्लीचा पैसा निवडक मुलांच्या शाळेत घसघशीत पोचतो आणि गावच्या शाळेत चिमूटभर. ते गाव अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर सिपना नदीकाठी वसलेले सेमाडोह असेल, किंवा त्याहून आत, जंगलातले एखादे कोरकू आदिवासींचे गाव असेल, तर ही चिमूट आणखी लहान होते. ती का लहान होते, याचे उत्तर वाटपाच्या सूत्रात आहे.

तिजोरी कोणाची, नियम कोणाचे

घटना अमलात आली तेव्हा शिक्षण राज्यसूचीत होते. ४२व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले आणि ३ जानेवारी १९७७ पासून केंद्रालाही त्यावर कायदा करण्याचा अधिकार मिळाला. खर्चाचा भार मात्र राज्यांवरच राहिला. आजही देशातल्या शिक्षणावरच्या सरकारी खर्चाचा ढोबळमानाने तीन चतुर्थांश भाग राज्ये उचलतात. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून प्राथमिक शिक्षणाचा गाडा जिल्हा परिषदांच्या खांद्यावर आहे. शिक्षक जिल्हा परिषदेचा, पगार राज्याचा आणि योजना बहुतेक दिल्लीची, अशी ही तिहेरी रचना.

केंद्राच्या वाट्याचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. समग्र शिक्षेआधीचे सर्व शिक्षा अभियान सुरू झाले तेव्हा केंद्र ८५ आणि राज्य १५, असे प्रमाण होते. दहाव्या पंचवार्षिक योजनेत ते ७५:२५ झाले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा ६५:३५ ठरले. चौदाव्या वित्त आयोगाने करांतला राज्यांचा हिस्सा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला आणि २०१५-१६ पासून केंद्राने योजनेतला आपला वाटा ६० वर आणला. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने आवरते घेतले. जबाबदाऱ्या कायद्याने वाढल्या, वाटा मात्र पायरी-पायरीने उतरला.

त्यात उपकराचा मुद्दा आहे. २००४ मध्ये २ टक्के शिक्षण उपकर आला, २००७ मध्ये त्यात माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का जोडला गेला आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून ४ टक्के झाला. करांचे उत्पन्न राज्यांना वाटून द्यावे लागते, उपकराचे नाही. म्हणजे शिक्षणाच्या नावाने गोळा होणारा पैसा राज्याच्या हाती हक्काने येत नाही. तो योजनेच्या वाटेने, योजनेच्या अटींसह येतो.

अटींचे वजन किती असते, ते २०२४-२५ मध्ये तमिळनाडूने अनुभवले. केंद्राच्या पीएम श्री या आदर्श शाळांच्या योजनेच्या करारावर सही नाही, म्हणून समग्र शिक्षेचे सुमारे २,१५० कोटी रुपये अडले. महाराष्ट्राने सही केली होती. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ८४६ शाळांना मंजुरी दिली, प्रत्येकीला पाच वर्षांत १ कोटी ८८ लाख रुपये. एका तालुक्यात अशा जास्तीत जास्त दोन शाळा निवडायच्या, मग तालुका सपाटीवरचा असो की सातपुड्यातला.

अमेरिकेत हाच वाद वेगळ्या अंगाने चालू आहे. तिथे शालेय शिक्षणावरच्या सार्वजनिक खर्चात संघ सरकारचा वाटा कोविडपूर्वी साधारण ८ टक्के होता. १९७९ मध्ये स्थापन झालेले संघीय शिक्षण खाते बंद करण्याच्या दिशेने मार्च २०२५ मध्ये अध्यक्षीय आदेश निघाला. पण १९६५ च्या कायद्याने तिथे संघाच्या पैशाला एक ठरीव काम दिले होते : गरीब मुले जिथे जास्त, तिथे जास्त पैसा. वाटा लहान असला तरी रोख पक्का होता. आपल्याकडे वाटा त्याहून मोठा आहे, पण सेमाडोहसारख्या गावाच्या बाबतीत रोख चुकतो.

सरासरीत बुडालेला मेळघाट

रोख चुकण्याची पहिली जागा म्हणजे सरासरी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती. अमरावती जिल्ह्याची ८७.३८ आणि शेजारच्या अकोल्याची ८८.०५. दोन्ही जिल्हे राज्याच्या पुढे. एवढ्यावर ज्याचे काम भागते, तो अमरावतीची फाइल मिटवून ठेवेल.

पण अमरावती जिल्ह्याच्या सुमारे २९ लाख लोकसंख्येत धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटचे दोन तालुके मिळून तीन लाखांच्या आसपास लोक आहेत, म्हणजे दहा टक्के. क्षेत्रफळात मात्र त्यांचा वाटा जवळपास एक तृतीयांश. दर्यापूर, अचलपूर, वरूड या काळ्या मातीच्या तालुक्यांचे आकडे जिल्ह्याची सरासरी वर उचलतात आणि मेळघाट त्या आकड्याखाली दडतो. १९८४ मध्ये दांडेकर समितीने विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष जिल्हावार मोजला. तेव्हाचे ते मोठे काम होते. पण जिल्ह्याच्या पोटात असलेला अनुशेष जिल्हावार मोजणीला दिसत नाही.

दिल्लीतून पाहिले तर हीच गोष्ट आणखी ठळक होते. समग्र शिक्षेत ईशान्य आणि हिमालयीन राज्यांना ९०:१० असा वाटा मिळतो, बाकीच्यांना ६०:४०. उत्तराखंडातल्या डोंगरगावची शाळा ९०:१० मध्ये बसते. चिखलदरा अकराशे मीटरांवर असले, १९८५ च्या आदेशाने धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीतले, म्हणजे आदिवासी क्षेत्रातले असले, तरी हिशेब मुंबई-पुण्याच्याच रांगेत, ६०:४०. सूत्र राज्य पाहते, डोंगर पाहत नाही. महाराष्ट्र श्रीमंत राज्य, म्हणून मेळघाटही कागदावर श्रीमंत.

१५ मुलांच्या शाळेचा जमाखर्च

दुसरी जागा म्हणजे डोकी मोजण्याची पद्धत. हिशेबासाठी सेमाडोहच्या आसपासची पहिली ते पाचवीची १५ मुलांची एक शाळा धरू.

समग्र शिक्षेतले संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० असेल तर २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. आपल्या शाळेला १० हजार, महिन्याला ८३३ रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेल्यात खडू, नोंदवह्या, विजेचे बिल, पाण्याची सोय, किरकोळ दुरुस्ती. कौले सरकली काय किंवा दाराची बिजागरी निखळली काय, त्याचा खर्च पट पाहून कमी-जास्त होत नाही. मेळघाटच्या पावसात छप्पर १५ मुलांवरही तेवढेच गळते. शिवाय पटावर ३१ वे मूल असेल तर २५ हजार आणि ते एक मूल नसेल तर १० हजार. ज्या भागात कामाच्या शोधात कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात, तिथे एका मुलावर १५ हजार रुपये अडकवणारी ही पायरी आहे.

पीएम श्रीच्या शाळेला वर्षाला सरासरी ३७ लाख ६० हजार मिळतात. दोन्ही रकमांचे हेतू वेगळे आहेत हे मान्य करूनही, या एका शाळेच्या वार्षिक रकमेत आपल्यासारख्या ३७६ शाळांचे संयुक्त अनुदान बसते.

आता चुलीकडे वळू. पोषण आहाराच्या स्वयंपाकाचा दर मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आहे, तांदूळ वेगळा. १५ मुलांचे होतात १०१ रुपये ७० पैसे. डाळ, तेल, तिखट-मीठ, भाजीपाला, इंधन, सगळे याच दरात. ग्रामीण भागात डाळ-तेल-मसाला ठेकेदाराकडून येतो आणि इंधन-भाजीपाल्याचे पैसे शाळेला मिळतात. दीडशे मुलांच्या पातेल्याला जी लाकडे लागतात, त्याच्या दहाव्या भागात १५ मुलांचे पातेले शिजत नाही. दर मात्र दोन्हीकडे तोच.

स्वयंपाक करणाऱ्या बाईंचे मानधन हा केंद्र-राज्य संबंधांचा नमुना आहे. केंद्राचा निकष महिना १,००० रुपये, वर्षातून १० महिने. हा निकष २००९ पासून तिथेच आहे. त्यातले ६०० केंद्राचे, ४०० राज्याचे. महाराष्ट्र २,५०० देतो. म्हणजे कागदावर ६०:४० आणि प्रत्यक्षात केंद्राचे ६००, राज्याचे १,९००. टक्क्यांत सांगायचे तर २४:७६. दर गोठवून ठेवला की टक्केवारीला हात न लावताही वाटा घटतो, याचा याहून साधा पुरावा नसेल.

बंद केली तर किती वाचतात?

कार्यक्षमतेचा प्रश्न इथे येतो आणि तो रास्त आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचा आकडा पुढे आणला : १४,७८३ शाळा, १,८५,४६७ विद्यार्थी, २९,७०७ शिक्षक. सरासरी एका शाळेत साडेबारा मुले आणि दोन शिक्षक, म्हणजे एका शिक्षकामागे सहा मुले. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि ६० पटापर्यंत किमान दोन शिक्षक, असा नियम आहे. दोन शिक्षक ही कायद्याने घातलेली तळरेषा, म्हणून तिथे ते आहेत.

पगाराचा हिशेब करू. प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी २९,२०० पासून सुरू होते. महागाई भत्ता आणि इतर भत्ते मिळून काही वर्षे नोकरी झालेल्या शिक्षकाचे ६० हजार धरू. दोघांचे वर्षाला १४ लाख ४० हजार. १५ मुलांत वाटले तर दर मुलामागे ९६ हजार, साडेबारा मुलांत वाटले तर १ लाख १५ हजार. म्हणजे लहान शाळेतले मूल सरकारला एकलव्यच्या मुलाइतकेच महाग पडते, तेही जेवणखाण आणि वसतिगृहाशिवाय. वित्त विभागाच्या भुवया उंचावतात त्या याच आकड्याने आणि यात खोटे काही नाही.

यावर उपाय म्हणून समूह शाळेची कल्पना आली. नंदुरबारमधले तोरणमाळ आणि पुण्याजवळचे पानशेत ही उदाहरणे पुढे ठेवली गेली. लहान शाळा बंद करायच्या, मुले गाडीने मोठ्या शाळेत न्यायची. कागदावर सोपे आहे. आता आपल्या १५ मुलांच्या शाळेला कुलूप लावून पाहू.

बचत : संयुक्त अनुदानाचे १० हजार आणि स्वयंपाकाच्या मानधनाचे २५ हजार. एकूण ३५ हजार. शिक्षकांचे पगार? ते कायम नोकरीत आहेत. त्यांचे समायोजन होते, पगार दुसऱ्या शाळेच्या नावावर निघतो. पगार खरा वाचतो तो पुढे, रिक्त जागा न भरता.

खर्च : समग्र शिक्षेत वाहतूक भत्ता मुलामागे वर्षाला कमाल ६ हजार. १५ मुलांचे ९० हजार.

म्हणजे पहिल्या वर्षी ३५ हजार वाचवायला ९० हजार घालवायचे. आणि ते ९० हजारही पुरत नाहीत. शाळेचे १० महिने धरले तर गाडीवाल्याला महिन्याला ९ हजार मिळतात. त्यात डिझेल, ड्रायव्हर आणि घाटातली झीज. सकाळ-संध्याकाळ फेरी मारायला या पैशांत जीपवाला मिळणे कठीण. गाडी आली नाही, की सहा-सात वर्षांच्या मुलाने व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून चालायचे किंवा घरी बसायचे. पावसाळ्यात नाले भरले की दुसराच पर्याय उरतो. घरी बसलेल्या मुलावर काहीच खर्च होत नाही, म्हणून ताळेबंदात ते सर्वांत किफायतशीर ठरते. दर मुलामागचा खर्च या एकाच फूटपट्टीचा हा दोष आहे : मूल गळाले की कार्यक्षमता वाढलेली दिसते.

खर्च मोजला, शिकणे मोजले का?

मग लहान शाळा आहे तशीच चालू द्यायची का? तेही उत्तर नव्हे. २०२४ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण ३८.५ होते. सुधारणा आहे, तरी निम्म्याहून अधिक मुले मागेच आहेत. सहा मुलांमागे एक शिक्षक असूनही मुले वाचत नसतील, तर तो पैसा वाया गेला असेच म्हणावे लागेल.

मेळघाटात वाचनाच्या आड भाषाही येते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सव्वासात लाखांहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. पहिलीतल्या कोरकू मुलाला मराठी पुस्तक म्हणजे अक्षरेही नवी आणि भाषाही नवी. जोवर गुरुजींना मुलांची बोली येत नाही, तोवर वर्गात सहा मुले आहेत की साठ, याने फारसा फरक पडत नाही.

आणि ती यायला लागते तेव्हा गुरुजींची बदली जवळ आलेली असते. राज्याच्या बदली धोरणात अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्या शिक्षकाला बदली मागण्याचा अधिकार मिळतो. शिक्षकाच्या बाजूने तो न्याय्यच आहे, जन्मभर कोणाला घाटात अडकवून ठेवता येत नाही. मात्र तिथे राहणाऱ्यासाठी आदिवासी क्षेत्राचा प्रोत्साहन भत्ता मूळ वेतनाच्या १५ टक्के सांगितला असला, तरी कमाल १,५०० रुपये आहे. २९,२०० चे १५ टक्के ४,३८० होतात. टक्केवारी जाहीर करायची आणि वर झाकण ठेवायचे, हीच युक्ती मानधनात दिसली, इथेही दिसते. एकस्तर, म्हणजे एक पायरी वरच्या वेतनश्रेणीचा लाभ आहे, पण तो त्या भागात काम करण्याचा आहे. कोरकू शिकण्याचा, मुख्यालयी राहण्याचा, चौथ्या वर्षी थांबण्याचा वेगळा मोबदला नाही.

सूत्र बदलायला किती लागतील

केंद्र की राज्य, या भांडणात राज्याच्या बाजूने बोलणे सोपे आहे. पण मुंबईनेही जिल्ह्याची सरासरीच पाहिली आहे. दोघांनीही वाटपाचे एकक बदलायला हवे.

पहिले, अनुदानाचे दोन भाग : शाळा म्हणून एक ठरावीक रक्कम, त्यावर पटाप्रमाणे वाढ. त्यामुळे ३० आणि ३१ मधली ती पायरी जाईल. दुसरे, पाचव्या अनुसूचीतल्या तालुक्यांना हिमालयीन राज्यांचे ९०:१० प्रमाण. राज्य श्रीमंत असले तरी तालुका गरीब असू शकतो, हे केंद्राने मान्य करण्याचा तो मार्ग आहे. तिसरे, शाळा बंद करण्याचा निकष पट नको, वाट हवी. किलोमीटरभर अंतरावर, चांगल्या रस्त्याने दुसरी शाळा असेल, तर १५ मुलांची शाळा चालवण्याचा हट्ट धरू नये. मध्ये नदी किंवा जंगल असेल तर तिला हात लावू नये. चौथे, प्रोत्साहन भत्त्यावरचे झाकण काढावे आणि तो भाषा व मुक्काम यांच्याशी जोडावा.

यातल्या पहिल्या सुधारणेची किंमत काढता येते. राज्यातल्या त्या १४,७८३ शाळांचे अनुदान १० हजारांवरून २५ हजार करायचे म्हटले, तर वर्षाला जास्तीचे लागतात २२ कोटी १७ लाख. ६०:४० प्रमाणे केंद्राचा भार १३ कोटी ३० लाख, म्हणजे समग्र शिक्षेच्या ४१,२५० कोटींतल्या दर दहा हजार रुपयांमागे जेमतेम सव्वातीन रुपये.

सपाट भागात एका एकलव्य शाळेच्या बांधकामाला केंद्राने ठरवलेली रक्कम ३७ कोटी ८० लाख आहे. ती एकदाच लागते, ही वाढ दरवर्षी लागेल, हा फरक आहेच. चिखलदऱ्याला एकलव्य शाळा आहे आणि ती असावी. पण ४८० मुलांच्या एका इमारतीच्या पैशात १ लाख ८५ हजार मुलांच्या शाळांना दीड वर्षाहून अधिक काळ अडीचपट अनुदान देता येते. पैसा कमी आहे, ही सबब या एका कलमापुरती तरी टिकत नाही.